पेटंट न मिळालेला रहाट

मित्रांनो, मला जुना म्हणावं इतकं काही माझं वय झालेलं नाही, पण भिंतीवर टांगल्या टांगल्या मी लवकर जुना झालो. मी एका घरातला रहाट आहे. विहिरीवरचा नव्हे, विहीर मी जन्मात पाहिलेली नाही. माझ्या पोटात क्षारांचे खडे आहेत आणि अंगाभोवती हिरवी नळी गुंडाळलेली आहे. फिल्टरमधून आलेलं पाणी माझ्या पोटातून जातं, खड्यांमुळे त्याला चव येते, आणि नळीचं काम संपलं की माझा दांडा फिरवून ती परत माझ्या अंगावर चढवतात. कागदोपत्री माझं नाव आहे 'घरगुती पाण्यात क्षार मिसळणारी व नळीची व्यवस्था राखणारी प्रणाली'. हे नाव वकीलसाहेबांनी ठेवलं. ते कोणी मोठ्याने वाचलं की मला वाटतं, दुसऱ्याच कोणाबद्दल चाललं आहे. घरात मला रहाट म्हणतात, आणि ते नाव आक्कांनी ठेवलेलं आहे.

आक्का पडल्या नसत्या तर मी जन्मालाच आलो नसतो. ज्यांच्या घरात मी आहे, ते मिस्त्री फ्रीज दुरुस्त करतात. घरात ते, त्यांची बायको, जिला सगळे वहिनी म्हणतात, आणि मिस्त्रींची थोरली बहीण आक्का. स्वयंपाकघरातल्या नळाला पाण्याचा जोर नाही. म्हणून लांबट पॅसेजच्या टोकाला फिल्टर बसवलेला, आणि तिथून नळी टाकून स्वयंपाकघरातली पिंपं भरायची, बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं, अशी पद्धत पडून गेली होती. नळी दिवसभर पॅसेजमध्ये आडवीतिडवी लोळत असे. जो तो तिच्यावरून उडी मारी आणि 'नंतर उचलू' म्हणे. एके दिवशी आक्कांचा पाय तिच्यात अडकला, त्या पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं.

हाड सांधलं, पण हाती वॉकर आला आणि मनात भीती बसली. त्यात फिल्टरचं बेचव पाणी त्यांच्या घशाखाली उतरेना. पाणी पितेय की पिण्याचं नाटक करतेय तेच कळत नाही, असं म्हणून त्या अर्धा पेला तसाच ठेवून देत. पाणी कमी पडतंय म्हणून डॉक्टर रागावले. वहिनींनी गोडीगुलाबीने सांगून पाहिलं, मिस्त्रींनी डोळे वटारून पाहिलं. आक्का कोणाला बधल्या नाहीत.

मिस्त्री जात्याच खटपटे. घरात एखादी गोष्ट बिघडली नाही तर त्यांना करमत नाही, आणि शेजारीपाजारी त्यावरून त्यांची चेष्टाही करतात. त्यांनी एका मोडीत निघालेल्या वॉशिंग मशीनचं चाक घेतलं, त्याच्या मधोमध स्टीलचं नळकांडं आडवं बसवलं, नळकांड्याला आतून जाळी लावली आणि त्यात क्षारांचे खडे भरले. चाकावर नळी गुंडाळायची सोय केली. खाली पिण्याच्या पाण्याचा छोटा नळ काढला. आक्काच्या पायातली नळी आणि आक्काच्या तोंडची चव, ही दोन्ही दुखणी त्यांना एकाच भिंतीवर मिटवायची होती. त्यांच्याकडे भिंतही तेवढी एकच रिकामी होती.

असा मी झालो. पहिल्यांदा दांडा फिरवला तेव्हा पोटातले खडे खडखड खडखड वाजले. आक्का खोलीतून म्हणाल्या, "रहाट फिरतोय वाटतं." वहिनी हसल्या. मिस्त्री मात्र हसले नाहीत.

मिस्त्रींचं सगळं आयुष्य फ्रीजच्या आवाजांत गेलेलं. लोक त्यांना बोलावतात तेच मुळी 'आमचा फ्रीज आवाज करतोय' म्हणून. ते मागे बसतात, कान लावतात, आवाज बंद करतात आणि घरी येतात. मुकाट चालणारं यंत्र ते निरोगी आणि वाजणारं ते आजारी, हा त्यांचा धर्म. त्यामुळे माझ्या खडखडीची त्यांना लाज वाटे. पाहुण्यांसमोर दांडा फिरवायची वेळ आली की ते मुद्दाम मोठ्याने खोकत.

आता माझ्या पोटातली गोष्ट तुम्हाला सांगतो, कारण ती सांगायला मला दुसरं कोणी भेटलं नाही. क्षारांचे खडे ओले राहून एका जागी बसले की दमट साखरेसारखे एकमेकांना चिकटतात. चिकटले की पाणी त्यांच्या वरवरून निघून जातं आणि चव उतरत नाही. पण नळी गुंडाळायला माझा दांडा फिरला की खडे एकमेकांवर घासतात, सुटे होतात, त्यांचं अंग ताजं होतं. मिस्त्रींना वाटे, माझी दोन कामं आहेत आणि ती एका चाकावर बसवलेली आहेत. खरं तर ते एकच काम होतं. नळी गुंडाळली म्हणून पाणी चवदार होत होतं. खडखड ऐकू येत होती ती त्याचीच.

वहिनींच्या जिभेला ते कळलं होतं. त्या आधी नळी गुंडाळत आणि मगच आक्कांचा तांब्या भरत. एकदा त्या म्हणाल्यासुद्धा, "अहो, गुंडाळून झाल्यावर भरलं ना, की पाणी चांगलं लागतं." मिस्त्री म्हणाले, मनाचे खेळ असतात. विषय तिथेच संपला.

आक्कांनाही खडखडीचा एक उपयोग सापडला होता. पॅसेजमध्ये उजेड कमी आणि आक्कांची नजर अधू. नळी जमिनीवर आहे की नाही हे त्यांना दिसत नसे, पण ऐकू येई. रहाट वाजला म्हणजे नळी वर गेली, वाट मोकळी झाली. मग खोलीतून वॉकरची ठकठक सुरू होई. आधी मी वाजायचो आणि मागून आक्का वाजायच्या. आक्का माझ्यापाशी येऊन पेलाभर पाणी उभ्यानेच पीत आणि माझ्या पत्र्यावर हात टेकून दम खात. मित्रांनो, त्या दिवसांत मला स्वतःचा फार अभिमान होता.

कौतुकही झालं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी मागणी नोंदवली. पत्र्याचा कारखाना असलेले एक ओळखीचे गृहस्थ येऊन मला चारी बाजूंनी पाहून गेले. म्हणाले, असे रहाट मी करायला घेतो, ज्या ज्या घरात म्हातारी माणसं नळीला अडखळतात तिथे लागतील. पण आधी पेटंट घ्या. पेटंट नसेल तर आज मी साचे करायचे आणि उद्या दुसऱ्याने माझी नक्कल करायची, हा आंधळा कारभार मला जमणार नाही. मिस्त्रींच्या मनात ते घट्ट बसलं. तरुणपणी त्यांनी फ्रीजच्या दाराची एक कडी काढली होती आणि काही वर्षांनी तशीच कडी त्यांना दुकानात टांगलेली दिसली होती. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. मला वेगळीच हाव सुटली. मला भावंडं हवी होती. माझ्यासारखे अजून रहाट, अजून पॅसेज, अजून आक्का.

वकीलसाहेब घरी आले. पेटंटचे अर्ज लिहिणं हेच त्यांचं काम. माणूस बारकाईचा. त्यांनी माझी चित्रं काढून घेतली, पोटातलं नळकांडं, जाळी, खडे, सगळं. मग दांडा फिरवून पाहिला आणि विचारलं, "फिरताना आत खडे हलतात, वाजतात. हे लिहू का?"

मिस्त्री घाईघाईने म्हणाले, "छे छे, ते नका लिहू. आपल्या मालातला दोष आपणच कागदावर कशाला आणायचा?"

वकीलसाहेबांनी लेखणी पुढे नेली. माझ्या पोटातले खडे त्या वेळी स्वस्थ होते, कारण दांडा कोणी फिरवत नव्हतं. मी काय करणार? माझ्या अंगाला दांडा असला तरी तो फिरवणारा हात माझा नाही.

अर्ज गेला. पुढे तो रीतीप्रमाणे प्रसिद्धही झाला, म्हणजे कोणालाही वाचता येईल असा उघड्यावर आला. मग पुष्कळ दिवस काहीच झालं नाही. मिस्त्री रोज विसरल्यासारखं दाखवत आणि रोज टपाल पाहत. शेवटी पेटंट कार्यालयातून परीक्षकांचा अहवाल आला. त्यात माझ्या आधीचे दोन अर्ज दाखवले होते. एक पाण्यात क्षार मिसळणारा डबा आणि दुसरं नळी गुंडाळणारं चाक. हे दोन्ही आधीपासून माहीत असताना ते एकत्र बसवण्यात नवीन ते काय, असा प्रश्न होता. मला त्या दोघांचा राग नाही आला. ते माझ्या चुलत्यांसारखेच म्हणायचे. पण त्या डब्याचं पोट फिरत नव्हतं आणि त्या चाकाच्या पोटात काही नव्हतं, हे मला दिसत होतं आणि बोलता येत नव्हतं.

सुनावणीची तारीख मिळाली आणि मला सोबत आणायची परवानगीही. मिस्त्रींच्या अंगात उत्साह संचारला. त्यांनी माझा पत्रा घासला, दांड्याला तेल दिलं, नळी नवी आणली. मग माझं पोट उघडलं. मोठ्या माणसांसमोर याने खडखड करून माझी शोभा करायला नको, असं ते वहिनींना म्हणाले. त्यांनी स्वच्छ धुतलेल्या स्पंजचे तुकडे कापले आणि खड्यांच्या चारी बाजूंनी दाबून बसवले. झाकण लावलं, दांडा फिरवला. मी फिरलो आणि काहीही ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा फिरवला, कान लावून. त्यांचा चेहरा खुलला. एखाद्याच्या तोंडात प्रेमाने बोळा कोंबावा, तसं ते होतं. त्या चेहऱ्यावर रागावताही येईना.

सुनावणीची खोली साधीच होती. लांब टेबल, कोपऱ्यात बेसिन, भिंतीला कागदांची कपाटं. परीक्षकबाई मध्यमवयाच्या, चष्मा कपाळावर ढकलून बोलणाऱ्या. मी त्यांच्याबद्दल एक शब्द वाकडा बोलणार नाही. त्या उठून माझ्यापाशी आल्या, वाकल्या, माझी जाळी बघितली. इतकं लक्ष देऊन मला घरातल्या माणसांनंतर त्यांनीच पाहिलं. वकीलसाहेब सांगत होते की दोन्ही गोष्टी एकत्र असल्यामुळे जागा वाचते, भिंतीला एकदाच भोकं पाडावी लागतात. बाई म्हणाल्या, जागेचं समजलं, पण मला वेगळं विचारायचं आहे. दोन्ही जवळ ठेवल्यामुळे एकाचा दुसऱ्याला काही फायदा होतो का? वकीलसाहेबांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाले, दोन्ही आपापलं काम चोख करतात.

बाईंनी मग स्वतः माझा दांडा धरला आणि नळी गुंडाळली. माझ्या आत एक खडा हलला नाही. मित्रांनो, मी जीव तोडून फिरलो. एखादा तरी सुटा व्हावा, एकदा तरी टक् व्हावं, एवढंच मागत होतो. स्पंज हट्टाने घट्ट बसला होता.

बाई थांबल्या. त्यांनी चष्मा खाली ओढला आणि नेमकं तेच विचारलं.

"चाक फिरतं तेव्हा आतल्या खड्यांचं काय होतं?"

मिस्त्री ताठ झाले. हा प्रश्न यावा म्हणूनच जणू ते आले होते. "काहीच होत नाही, मॅडम," ते अभिमानाने म्हणाले. "हलतसुद्धा नाहीत. मी जातीने पक्के बसवलेत."

"अच्छा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

परतीच्या वाटेवर मिस्त्री खुशीत होते. गाडीच्या मागच्या सीटवर मी कुशीवर पडलो होतो आणि ते वकीलसाहेबांना सांगत होते की बाईंना आवाज न होणं आवडलेलं दिसतंय. वकीलसाहेब खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी आल्यावर मला परत भिंतीवर चढवलं, पण स्पंज काढला नाही. मिस्त्रींना मी तसाच बरा वाटत होतो. हळूहळू माझ्या पोटात खडे एकमेकांना धरू लागले. पाण्याची चव गेली. आक्कांचा पेला पुन्हा अर्धा राहू लागला आणि वहिनी कपाळाला आठ्या घालून तो बेसिनमध्ये ओतू लागल्या. मिस्त्री म्हणाले, खडे जुने झाले असतील, बदलू. आक्का तर खोलीबाहेर यायच्याच बंद झाल्या. दारात उभ्या राहून "गुंडाळली का गं?" असं विचारत, आणि वहिनी कामात असल्या की उत्तराची वाट बघत तिथेच टेकून बसत. मी समोरच होतो. नळी माझ्या अंगावर व्यवस्थित चढलेली असे, वाट मोकळी असे, आणि तेवढं सांगायलाही मला आवाज नव्हता.

निकाल आला. अर्ज नामंजूर. वकीलसाहेबांनी येऊन तो वाचून दाखवला. आधीपासून माहीत असलेल्या दोन गोष्टी केवळ शेजारी ठेवल्या आहेत, त्यांचा परस्परांवर काही परिणाम होत नाही, आणि चाक फिरताना खडे हलत नाहीत हे अर्जदाराने स्वतःच सांगितले आहे, असं त्यात होतं. मिस्त्रींनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. त्यांना त्यात आपली चूक दिसेना. हलत नाहीत, हे चांगलंच नाही का, असं ते विचारत राहिले. कारखान्याच्या गृहस्थांनी फोनवर वाईट वाटल्याचं सांगितलं आणि साच्यांचा विषय काढला नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात आक्का पुन्हा पडता पडता वाचल्या. नळी स्वयंपाकघरापर्यंत पसरलेली होती. सगळं शांत आहे म्हणजे काम झालं असेल, असं समजून त्या बाहेर आल्या आणि वॉकरचा पाय नळीवर चढून घसरला. त्यांनी भिंत धरली म्हणून निभावलं. मिस्त्री धावत आले. आक्का रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बाळ्या, तो वाजायचा तेव्हा मला कळायचं रे. तू त्याला मुका केलास. आता मी कोणाच्या भरवशावर पाय टाकू?"

मिस्त्रींनी त्याच दुपारी माझं पोट उघडलं. पेटंटसाठी नाही, आक्कांसाठी. स्पंज ओढून काढला तेव्हा आतून खड्यांचा एक दगडासारखा गोळा त्यांच्या हातात आला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून फोडला, खडे धुतले, पुन्हा भरले आणि दांडा फिरवला. खडखड झाली. मग पेला भरून ते पाणी प्यायले आणि पेला हातात घेऊन तसेच उभे राहिले. त्यांनी पुन्हा दांडा फिरवला, पुन्हा घोट घेतला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्यांनी फक्त आक्कांचा रिकामा तांब्या पुढे केला, आणि तेच मिस्त्रींना जास्त लागलं असणार.

त्यांनी वकीलसाहेबांना फोन लावला. सापडलं, सापडलं, असं म्हणून सगळं भडाभडा सांगितलं. पलीकडून जे आलं ते मिस्त्री मान हलवत ऐकत राहिले आणि फोन ठेवल्यावर वहिनींना त्यांनी ते सांगितलं. खडे घासून ताजे होतात हे जुन्या अर्जात शब्दांत कुठेच नाही, आणि अर्ज एकदा दाखल झाला की त्यात नवीन काही घालता येत नाही. बरं, नवा अर्ज करावा, तर फिरत्या चाकात खडे भरलेलं चित्र जुन्या अर्जात छापून जगजाहीर झालेलं. म्हणजे आता मिस्त्रींचा स्वतःचाच अर्ज त्यांच्या आडवा येणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. वहिनींनी विचारलं, मग काहीच करता येणार नाही का? मिस्त्री म्हणाले, त्यांनी पुस्तकं चाळून कळवतो म्हटलंय, पण आवाजावरून मला समजलं.

ते माझ्यासमोर स्टुलावर बसले. माझ्या दांड्यावर त्यांचा हात होता. मला त्यांना सांगायचं होतं की माझा तुमच्यावर राग नाही. तुम्ही मला घडवलंत, तुम्हाला माझी लाज वाटली, तीसुद्धा मायेपोटीच. पण सांगायला खडे हलायला हवेत, आणि हात स्थिर होता.

तेवढ्यात वॉकरची ठकठक आली. आक्का माझ्यापाशी पोहोचल्या, पेला भरला आणि तळाशी थेंबही न ठेवता प्यायल्या. "हे पाणी," त्या म्हणाल्या. "हे पाणी तू त्या बाईंना का नाही रे पाजलंस?"

आक्कांच्या हातातला रिकामा पेला घेऊन मिस्त्रींनी तो पुन्हा भरला.

मित्रांनो, माझं भावंड अजून कुठेही नाही आणि आता होईल असं वाटत नाही. मी आहे, तोवर या एका पॅसेजमध्ये आक्का चालतील. बाकीच्या घरांत नळ्या जमिनीवरच आहेत. तुम्हाला माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातलं एखादं चाक, एखादं दार, एखादं जुनं यंत्र कुरकुरत असेल, तर लगेच तेल नाहीतर बोळा घेऊन धावू नका. क्षणभर त्याच्यापाशी थांबा. ते कशासाठी वाजतंय, हे त्याच्याजवळ रोज वावरणाऱ्या माणसाला विचारा. आम्हाला विचारायची गरज नाही. आम्ही केव्हाचे सांगतच असतो, आणि त्यालाच तुम्ही बिघाड म्हणता.